फोन चार्ज होतो, पण एडीबीला दिसत नाही : ड्रायव्हरच्या वारंवार येणाऱ्या अडचणीचा उलगडा

"चार्ज त होऊन राह्यला सर, पण लॅपटॉपवर दिसून नाही राह्यला." यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात मी ज्या मुलामुलींना अँड्रॉइड अ‍ॅप तयार करायला शिकवतो, त्यांच्याकडून हे वाक्य मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकायला मिळते. ज्याची अडचण मागच्या आठवड्यात सुटली होती तोच विद्यार्थी तीच अडचण घेऊन पुन्हा येतो, म्हणून हा मजकूर जरा सविस्तर लिहीत आहे. आमच्याकडील बहुतेक लॅपटॉप ४ जीबी रॅमचे आहेत आणि त्यांवर अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप तयार करण्याच्या सॉफ्टवेअरसोबत इम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा आभासी फोन, चालवणे शक्य होत नाही. त्यामुळे कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब ठेवणारे अगदी साधे अ‍ॅप असले तरी ते तपासण्यासाठी खरा फोन केबलने जोडण्यावाचून गत्यंतर नसते. फोन जोडला गेला नाही की त्या दिवसाचे काम तिथेच थांबते.

अशा वेळी बहुतेक जण सर्वांत आधी इंटरनेटवर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला फोनशी बोलता येण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर, शोधतात, मिळेल त्या संकेतस्थळावरून 'सर्व मोबाइलचे ड्रायव्हर' अशा नावाची मोठी फाइल उतरवून घेतात आणि ती बसवतात. माझा आग्रह याच्या नेमका उलट आहे. दोष कोणत्या ठिकाणी आहे हे निश्चित होईपर्यंत एकही ड्रायव्हर बसवू नये, कारण चुकीचा ड्रायव्हर बसला की मूळ दोष झाकला जातो आणि दोन अडचणी एकमेकींत मिसळतात. शिवाय गावात मोबाइलच्या डाटावर काम करणाऱ्याला अशी फाइल उतरवणे महागात पडते आणि तिच्यासोबत नको ते सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये शिरण्याचा धोका असतो तो वेगळाच.

जोडणी होते कशी

एडीबी, म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज, हे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचे साधन आहे. त्याचे तीन भाग असतात. आपण ज्याला आज्ञा देतो तो क्लायंट संगणकावर असतो. त्याच संगणकावर पार्श्वभूमीत एक सर्व्हर चालतो आणि तो ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर क्लायंटची वाट पाहतो. तिसरा भाग, म्हणजे एडीबीडी नावाची प्रक्रिया, फोनमध्ये चालते. सर्व्हर आणि फोन यांच्यामध्ये केबल, फोनने दिलेली परवानगी आणि विंडोजचा ड्रायव्हर अशा तीन कड्या आहेत. यांपैकी कोणतीही कडी तुटली तरी विद्यार्थ्याला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे फोन यादीत नाही. आणि ठपका मात्र दर वेळी ड्रायव्हरवरच येतो. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा दोष पहिल्या दोन कड्यांत निघाला आहे.

म्हणून सुरुवात कमांड प्रॉम्प्टपासून करावी. एडीबी ज्यात असते त्या प्लॅटफॉर्म-टूल्सच्या फोल्डरमध्ये जाऊन इंग्रजी अक्षरांत 'एडीबी डिव्हाइसेस' ही आज्ञा द्यावी आणि उत्तर नीट वाचावे. फोनच्या क्रमांकापुढे 'डिव्हाइस' असे आले तर जोडणी पूर्ण झालेली आहे आणि दोष अ‍ॅपमध्ये किंवा स्टुडिओमध्ये शोधावा. 'अनऑथोराइज्ड' असे आले तर ड्रायव्हर व्यवस्थित काम करीत आहे आणि फक्त फोनची परवानगी मिळालेली नाही. या स्थितीत ड्रायव्हर बदलणे म्हणजे चालू असलेली गोष्ट मोडणे होय. 'ऑफलाइन' आले तर फोन सापडला आहे, पण तो उत्तर देत नाही, तेव्हा केबल काढून पुन्हा लावावी आणि फोन एकदा बंद करून सुरू करावा. यादी पूर्णपणे रिकामी असेल तरच केबल, फोनमधील डीबगिंगचे (संगणकाला फोनवर अ‍ॅप बसवू आणि तपासू देणारे) बटण आणि ड्रायव्हर यांचा विचार याच क्रमाने करावा.

केबल, सॉकेट आणि अर्थिंग

साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच, किंवा असल्या तरी काही दिवसांच्या वापरात टोकाशी तुटतात, आणि अशा केबलीने फोन चार्ज मात्र उत्तम होतो. त्यामुळे फोन चार्ज होणे हा केबल चांगली असल्याचा पुरावा नाही. दुकानात केबल मागताना 'डाटा केबल' असे स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास तिथेच संगणकाला लावून फोनमधला एखादा फोटो उघडून पाहावा. लॅपटॉपला जोडल्यावर फोनच्या पडद्यावर फाइल ट्रान्सफरचा पर्याय येतच नसेल, तर आधी केबल बदलावी आणि मगच पुढे जावे.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि सोबत 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असे दिसले तर त्याचा अर्थ असा की फोनने स्वतःची ओळख सांगण्यापूर्वीच बोलणे तुटले. ओळखच कळली नसल्यामुळे विंडोज कोणता ड्रायव्हर निवडणार? अशा नोंदीसोबत बहुधा ४३ क्रमांकाचा कोड असतो आणि तिचा उपाय केबल, फोनचे सॉकेट आणि लॅपटॉपचा पोर्ट यांच्यातच शोधावा लागतो. शेतात, खिशात वागवलेल्या फोनच्या सॉकेटमध्ये धूळ आणि सरकीचा बारीक कापूस घट्ट बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हळूच काढला की केबल पूर्ण आत बसते. यूएसबी हब किंवा डेस्कटॉपचा पुढचा पोर्ट वापरत असाल तर तो सोडून थेट मागच्या पोर्टला लावून पाहावे.

आपल्या भागात आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो, तो म्हणजे अर्थिंग. डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत आवाज गाळणारे कपॅसिटर असतात. घराला अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या सुमारे निम्मे व्होल्टेज येते. विद्युतप्रवाह फार अल्प असतो, पण हाताला झिणझिण्या येतात, आणि अशा संगणकावर फोन मिनिटामिनिटाला तुटून पुन्हा जोडला जाण्याचा अनुभव मी घेतला आहे. काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि तिच्यातला ओलावा गेला की पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंगही एप्रिल-मे महिन्यांत निकामी ठरू शकते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून केवळ बॅटरीवर जोडणी करून पाहावी. बॅटरीवर जोडणी टिकली आणि चार्जर लावताच तुटली, तर तारतंत्रीकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. झिणझिण्या येणाऱ्या कॅबिनेटवर काम करीत राहणे योग्य नाही, फोन जोडायचा असो वा नसो.

फोनची परवानगी

फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' इथे जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. शाओमी आणि रेडमीच्या फोनवर हीच टिचकी त्या कंपनीच्या प्रणालीच्या आवृत्तीवर मारावी लागते. त्यानंतर 'यूएसबी डीबगिंग' सुरू करावे. रेडमी फोनवर अ‍ॅप बसवताना परवानगी नाकारल्याचा संदेश आला तर 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' हा वेगळा पर्यायही सुरू करावा लागतो आणि त्यासाठी कंपनीच्या खात्यात लॉगइन करण्याची अट असते. सॅमसंगच्या नव्या फोनवर 'ऑटो ब्लॉकर' सुरू असेल तर केबलमधून येणाऱ्या आज्ञा अडवल्या जातात, तेव्हा काम चालू असेपर्यंत तो बंद ठेवावा आणि काम संपल्यावर पुन्हा सुरू करावा.

अँड्रॉइड ४.२.२ पासून प्रत्येक संगणकाला फोनकडून स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. पहिल्यांदा जोडल्यावर फोनच्या पडद्यावर संगणकाच्या किल्लीचा ठसा दाखवून विचारणा होते. पडदा लॉक असेल तर ही विचारणा दिसत नाही आणि विद्यार्थी लॅपटॉपकडेच पाहत बसतो. ती आलीच नाही, किंवा चुकून नाकारली गेली, तर डेव्हलपर ऑप्शन्समधील 'रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन्स' निवडून केबल पुन्हा लावावी. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या फोनवर सात दिवस जोडणी झाली नाही तर दिलेली परवानगी आपोआप रद्द होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातील सगळ्यांचेच फोन 'अनऑथोराइज्ड' होतात, ते याच कारणाने. त्या वेळी फक्त पुन्हा होकार द्यायचा असतो.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो

केबल ठीक आहे, डीबगिंग सुरू आहे आणि तरीही यादी रिकामी आहे, अशी खात्री झाल्यावरच ड्रायव्हरकडे वळावे. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून 'डीईव्हीएमजीएमटी.एमएससी' टाइप केले की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळ्या त्रिकोणासह फोनचे नाव किंवा 'एडीबी इंटरफेस' दिसले आणि गुणधर्मांत २८ हा कोड असला, तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. आता मात्र तो बसवणे आवश्यक आहे.

इथे एक बाब समजून घ्यावी. केबलीतून जोडलेला एकच फोन विंडोजला एकापेक्षा अधिक उपकरणांसारखा दिसतो. फाइल देवाणघेवाणीचा एक भाग आणि डीबगिंगचा दुसरा. ज्या नोंदीवर ड्रायव्हर बसवायचा ती डीबगिंगचीच आहे ना, हे ओळखण्यासाठी नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'कंपॅटिबल आयडीज' पाहावेत. एडीबीच्या भागाचा वर्ग एफएफ, उपवर्ग ४२ आणि प्रोटोकॉल ०१ असतो, मग फोन कोणत्याही कंपनीचा असो. हे तीन आकडे नसलेल्या नोंदीवर एडीबीचा ड्रायव्हर जबरदस्तीने बसवला तर डीबगिंग तर होत नाहीच, उलट फोटो आणि फाइल पाठवण्याची चालू असलेली सोयही बंद पडते.

त्याच टॅबमधील 'हार्डवेअर आयडीज'मध्ये उत्पादकाचा क्रमांक मिळतो. गुगलचा १८डी१, सॅमसंगचा ०४ई८, शाओमीचा २७१७, मोटोरोलाचा २२बी८. सॅमसंग आणि मोटोरोलासाठी त्या त्या कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा. गुगलचा ड्रायव्हर अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके (अ‍ॅप तयार करण्याच्या साधनांचा संच) मॅनेजरमध्ये 'एसडीके टूल्स' या टॅबवर मिळतो आणि एसडीकेच्या फोल्डरमधील 'एक्स्ट्राज', त्यातील 'गुगल', त्यातील 'यूएसबी_ड्रायव्हर' इथे उतरतो. संपूर्ण स्टुडिओ एक जीबीहून मोठा आहे, पण हा ड्रायव्हर आणि प्लॅटफॉर्म-टूल्स स्वतंत्रपणे घेतल्यास दोन्ही लहान असतात. मी ते एका पेनड्राइव्हमध्ये ठेवले आहेत आणि वर्गातील प्रत्येकाला तसेच करायला सांगितले आहे, म्हणजे रेंज नसली तरी काम अडत नाही.

बसवताना नोंदीवर उजवी टिचकी देऊन 'अपडेट ड्रायव्हर' निवडावे, इंटरनेटवर शोधण्याचा पर्याय टाळून संगणकावरच शोधण्याचा पर्याय घ्यावा, पुढे यादीतून निवडण्याचा पर्याय घेऊन 'हॅव डिस्क' दाबावे आणि 'अँड्रॉइड_विनयूएसबी' नावाची आयएनएफ फाइल, म्हणजे ड्रायव्हर कसा बसवायचा हे विंडोजला सांगणारी फाइल, दाखवावी. समोर येणाऱ्या नावांपैकी 'अँड्रॉइड एडीबी इंटरफेस' किंवा 'अँड्रॉइड कंपोझिट एडीबी इंटरफेस' निवडावे. फोन दुसऱ्या कंपनीचा असेल तर हा ड्रायव्हर सुसंगत असल्याची खात्री देता येत नाही, असा इशारा विंडोज देते; वरचे तीन आकडे आपण पडताळले असतील तर होकार देऊन पुढे जाण्यास हरकत नाही.

आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यात आपल्या फोनचा क्रमांक लिहा, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला असतो. तो मानू नये. त्या फाइलसोबत डिजिटल सही असते. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही, मग विंडोज ड्रायव्हर नाकारते किंवा ५२ हा कोड दाखवते, आणि पुढचा सल्ला सहीची तपासणीच बंद करण्याचा येतो. ज्या लॅपटॉपवर घरच्यांचे बँकेचे आणि पीकविम्याचे काम होते, त्याचे संरक्षण एका फोनसाठी काढून टाकणे मला मान्य नाही. 'हॅव डिस्क'च्या मार्गाने तेच काम सही न मोडता होते.

एकदा सुटलेली अडचण पुन्हा का येते

माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन वर्गात कधीच अडत नसे आणि घरी गेल्यावर हमखास अडत असे. लॅपटॉप तोच, फोन तोच, केबलही तीच. तिने घरी दोनदा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला होता आणि एकदा विंडोजही नव्याने टाकून घेतले होते. शेवटी ती घरी असताना फोनवर बोलत आम्ही दोघांनी हार्डवेअर आयडी वाचला, तेव्हा उलगडा झाला. वर्गात वायफाय होते. घरी इंटरनेटसाठी ती त्याच केबलवरून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलने लॅपटॉपला देण्याची सोय, सुरू करीत होती.

फोन आपला उत्पादक क्रमांक सहसा कायम ठेवतो, पण उत्पादनाचा क्रमांक वापराच्या प्रकारानुसार बदलतो. गुगलच्या फोनचे उदाहरण घेतले तर केवळ फाइल ट्रान्सफर असताना तो ४ईई१ असतो, फाइल ट्रान्सफर आणि डीबगिंग एकत्र असताना ४ईई२ आणि केवळ चार्जिंगसह डीबगिंग असताना ४ईई७. फोटो पाठवण्याच्या किंवा टेदरिंगच्या प्रकारात तो आणखी वेगळा होतो. विंडोजच्या दृष्टीने ही वेगवेगळी उपकरणे आहेत. आपण यादीतून हाताने निवडून बसवलेला ड्रायव्हर त्यांपैकी एकाच उपकरणाला चिकटतो. प्रकार बदलला की समोर नवे उपकरण येते, त्याला ड्रायव्हर नसतो आणि कालपर्यंत चालणारी जोडणी आज बंद पडल्यासारखी वाटते. शिवाय टेदरिंगचे बटण दाबताक्षणी फोन संगणकापासून सुटून पुन्हा जोडला जातो, त्यामुळे चालू असलेले डीबगिंगही तुटते.

यावर दोन मार्ग आहेत. जे प्रकार आपण खरोखर वापरतो त्या प्रत्येक प्रकारात फोन एकेकदा ठेवून वरील पद्धतीने ड्रायव्हर बसवून घ्यावा. त्याहून बरा मार्ग म्हणजे इंटरनेट वायफाय हॉटस्पॉटने घ्यावे आणि केबल फक्त डीबगिंगसाठी राखून ठेवावी. सोबत डेव्हलपर ऑप्शन्समधील 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन'मध्ये एकच प्रकार निश्चित करावा, म्हणजे केबल लावल्यावर फोन दर वेळी तीच ओळख सांगतो. त्या विद्यार्थिनीने दुसरा मार्ग स्वीकारला आणि त्यानंतर तिला ड्रायव्हरला हात लावावा लागला नाही.

बूटलोडरच्या, म्हणजे फास्टबूटच्या स्थितीत (अँड्रॉइड सुरू होण्याआधीच्या टप्प्यात) गेलेला फोनही असाच वेगळी ओळख सांगतो, म्हणून तिथे 'अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस' स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

जुने ड्रायव्हर आणि दुसरा सर्व्हर

आधीच चार-पाच प्रकारचे ड्रायव्हर बसवून झाले असतील तर नवा बसवण्यापूर्वी सफाई करावी. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडल्यावर सध्या न जोडलेल्या फोनच्या नोंदी फिकट दिसतात. त्या 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'ने काढाव्यात आणि ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करावी, अन्यथा विंडोज आपल्या साठ्यातून तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा लावते. अशा प्रकारे न निघणाऱ्या ड्रायव्हरसाठी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पीएनपीयुटिल /एनम-ड्रायव्हर्स' ही आज्ञा द्यावी, यादीत त्याचे 'ओईएम' आणि क्रमांक असलेले नाव शोधावे आणि 'पीएनपीयुटिल /डिलीट-ड्रायव्हर'पुढे ते नाव व '/अनइन्स्टॉल' लिहून तो काढावा. पुरवठादाराचे नाव दोनदा वाचून मगच ही आज्ञा द्यावी, कारण त्याच यादीत ध्वनी आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हरही असतात.

काही वेळा ड्रायव्हर निर्दोष असतो, पण फोनचा बॅकअप घेणारे किंवा फोनचा पडदा संगणकावर दाखवणारे एखादे सॉफ्टवेअर स्वतःचा जुना एडीबी सोबत आणते आणि ५०३७ हा पोर्ट अडवून बसते. 'एडीबी सर्व्हर व्हर्जन डझन्ट मॅच धिस क्लायंट' असा संदेश आला की हे ओळखावे. असे सॉफ्टवेअर बंद करून 'एडीबी किल-सर्व्हर' आणि मग 'एडीबी स्टार्ट-सर्व्हर' या आज्ञा द्याव्यात. तरीही भागले नाही तर 'नेटस्टॅट -एएनओ' या आज्ञेने ५०३७ पुढील प्रक्रियेचा क्रमांक पाहून टास्क मॅनेजरमध्ये ती शोधावी.

फोन अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा असेल आणि त्याचे सॉकेटच खराब झाले असेल, तर 'वायरलेस डीबगिंग' वापरता येते. त्यात 'एडीबी पेअर' या आज्ञेसोबत फोनवर दिसणारा पत्ता आणि सहा अंकी कोड द्यावा लागतो आणि विंडोजच्या यूएसबी ड्रायव्हरचा संबंधच उरत नाही. मात्र ज्या फोनवर अ‍ॅप तपासायचे तो स्वतः वायफायला जोडलेला असावा लागतो, म्हणून हॉटस्पॉट घरातील दुसऱ्या फोनचा घ्यावा आणि लॅपटॉपही त्यालाच जोडावा.

एवढे करूनही फोन दिसला नाही आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर 'होत नाही' एवढेच न लिहिता फोनचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती, 'एडीबी डिव्हाइसेस'चे जसेच्या तसे उत्तर, डिव्हाइस मॅनेजरमधील कोड आणि संपूर्ण हार्डवेअर आयडी लिहून पाठवावा, आणि त्या वेळी फोनवर टेदरिंग सुरू होते की नाही हेही त्यासोबत नमूद करावे.